वीतभर खिळे

भिंतीतलं मला काही कळत नाही. हे कबूल करायला मला सहा वर्षं लागली, आणि तेही शेजाऱ्याच्या खोलीत उभं राहून करावं लागलं.

राजापेठेत मी वकिलीची पाटी लावली तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा, आणि अमरावतीच्या वकिलाची अक्कल लोक त्याच्याकडच्या नागपूरच्या रिपोर्टांवरून, म्हणजे निकालांच्या जाड खंडांवरून मोजायचे. पुस्तकं वाचली आहेत का, असं कोणी विचारत नसे. आहेत किती, एवढंच बघत. अशील दारात जोडे काढता काढता भिंतीवर नजर टाकायचा. भिंत मोकळी दिसली की "उद्या येतो" म्हणायचा आणि तडक समोरच्या म्हाताऱ्या वकिलाकडे जायचा. त्या गृहस्थाने माझ्या माहितीत एक पान उलटलं नव्हतं, पण त्याच्या खोलीत आढ्यापर्यंत जिल्दी होत्या. बैल घेताना चार वेळा दात तपासणारी ही माणसं वकील मात्र पुठ्ठे बघून घ्यायची.

पुस्तकं माझ्याकडेही होती. अकोल्याचे एक वकील वारले आणि त्यांच्या मुलांना बापाची विद्या अडगळ वाटू लागली. त्यातले चाळीस जाड खंड मी उचलले, रेल्वेने बडनेऱ्याला आणले आणि तिथून बैलबंडीत घालून घरी. आठ दिवसांत तळच्या दोन खंडांना वाळवी लागली. जमिनीवर ठेवायची सोय नव्हती आणि कपाट घ्यायची ऐपत नव्हती. त्यातच सासऱ्यांचं पत्र आलं, की दर्यापूरकडचे एक मोठे शेतमालक वाटणीचा दावा घेऊन दिवाळीनंतर तुमच्याकडे येतील. सासऱ्यांच्या शब्दाखातर येणारा माणूस एकदाच येतो. तोवर पुस्तकं भिंतीवर चढली नाहीत तर पाटी उतरवून कुठल्यातरी शाळेत मास्तरकी धरावी लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून मी सागवानी फळ्यांची एक मांडणी करवून घेतली, आणि ती टांगायची कशी याचा विचार नंतर सुरू केला. शिकलेल्या माणसाची हीच रीत असते.

मांडणी लागायची ती दारासमोरच्या भिंतीवर, म्हणजे अशिलाची पहिली नजर तिथेच पडेल. ती भिंत म्हणजे कूड होता. घरमालकाने एका लांब खोलीच्या मधोमध कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या उभ्या करून, दोन्ही अंगांनी शेणमाती थापून, वर चुन्याचा हात फिरवून एका बिऱ्हाडाची दोन बिऱ्हाडं केली होती. जाडी चार बोटं. भाडं मात्र भिंतीचं घ्यायचा. मी विचारलं तेव्हा त्याने कुडावर हळूच थाप मारली, जोरात मारली नाही, आणि ही भिंत तुमच्या नातवंडांना पुरेल असं सांगितलं. त्याला माझी नातवंडं कशाला भेटणार होती.

मग सल्ले सुरू झाले. कोर्टाच्या वकीलखोलीत कामं कमी आणि सल्ले फार. एकाने साधा खिळा सांगितला, जरा तिरपा मारायचा. दुसऱ्याने तो तिरपा खालून वर की वरून खाली यावर अर्धा तास घालवला. त्या दोघांपैकी एकानेही आयुष्यात हातोडी धरली नव्हती. तिसरे आमच्या गल्लीतले ओव्हरसीयर. सरकारी पूल बांधतो या आढ्यतेवर जगणारा माणूस. पूल दर पावसाळ्यात खचायचे, आढ्यता खचत नसे. त्यांनी फर्मावलं की भोक पाडा, त्यात लाकडी गुटका ठोका, भोवती चुना आणि गूळ भरा, आणि मग गुटक्यात खिळा मारा. दगडी भिंतीत हे चालत असेल. कुडात मी बोटभर भोक पाडायला गेलो, तर मूठ जाईल एवढं खिंडार पडलं. त्यात गुटका घातला की तो आतल्या आत फिरायचा. गूळ लागला तेवढ्या जागी मुंग्या आल्या, आणि ओव्हरसीयरसाहेबांच्या शास्त्राचा तेवढाच उपयोग झाला.

शेवटी बायकोने सुतार बोलावला. कोपऱ्यावर बंड्यांची चाकं नीट करणारा म्हातारा, कानावर पेन्सिल, अंगाला भुशाचा वास. त्याने कुडावर बोटाच्या पेराने चारदा टकटक केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, ही भित नाई, कूड हाये. याच्या पोटात काही नाई. याले खिळा धरत नाई. आरपार घ्या, तिकून फळी द्या, मंग हत्ती टांगा."

तिकून, म्हणजे पलीकडून. पलीकडे दर्यापूरच्याच बाजूची एक कुणब्याची बाई दोन पोरांना शाळेसाठी घेऊन राहायची. नवरा गावी शेती बघायचा आणि सणावारी ज्वारी घेऊन यायचा. बाई मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची, आणि अंगणात माझ्या बायकोला "तुमचे मालक दिसभर काय वाचून राह्यले वो" असं विचारायची. तिच्या दारात जाऊन, बाई तुमच्या खोलीत एक फळी लावू द्या, अशी विनवणी बी.ए., एलएल.बी. झालेल्या माणसाने करायची, ही कल्पनाच मला असह्य झाली. सुताराला फळी विकायची आहे, असं मी ठरवून टाकलं आणि त्याला वाटेला लावलं.

त्याच दुपारी मी लोहाराकडून चार खिळे घडवून आणले. बंडीच्या कामाचे, वीतभर लांब, डोक्याला रुपयाएवढी चकती. चार बोटांच्या कुडात वीतभर खिळा मारला तर उरलेला कुठे निघतो, हे गणित मला येत होतं. मी ते केलं नाही.

मांडणी कुडाला टेकवून मी हातोडी चालवली. दुसऱ्या खिळ्याला पलीकडून हाक आली. तिसऱ्याला बाई अंगणात आली आणि माझ्या बायकोला सांगू लागली की आमच्याकून माती पडून राह्यली, लेकरांच्या अंथरुणावर पडून राह्यली. मी आतूनच, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं की सामाईक भिंतीच्या आपल्या बाजूचा उपभोग घेण्याचा भाडेकरूला कायद्याने अधिकार आहे आणि कोणाची हरकत असेल तर त्याने ती लेखी नोंदवावी. बाई आपल्या खोलीत निघून गेली. वकिली चालते आहे असं मला त्या घरात प्रथमच वाटलं. चौथा खिळा मी जरा जास्तच जोराने मारला.

संध्याकाळपर्यंत दहा खंड मांडले आणि मांडणी वाकली. खिळे पुढे झुकले, कुडातून बारीक माती झरू लागली. मी ओली शेणमाती भरून खिळ्यांभोवती लिंपलं, दहाचे सहा खंड केले आणि झोपलो. दर्यापूरकडचे ते जमीनदार चार दिवसांवर आले होते.

दुसऱ्या दिवशी कोर्टातून आलो तर चमत्कार झालेला. मांडणी सरळ. हात लावला, हलेना. लोंबकळून पाहिलं, हलेना. माझं लिंपण वाळलं आणि त्याने खिळे धरले, हे मी तिथल्या तिथे सिद्ध केलं. बायको म्हणाली, दुपारी बरीच ठोकाठोक ऐकू येत होती. कसली, म्हणून विचारलं तर म्हणाली, पलीकडे मिरच्या कुटत असतील. मी चाळीसच्या चाळीस खंड चढवले. वाळवीने खाल्लेले दोन मागच्या रांगेत.

जमीनदार आले. जोडे काढता काढता त्यांनी भिंतीकडे पाहिलं, पाहतच राहिले आणि कागद माझ्या हातात ठेवले. त्या दाव्यातून दुसरा आला, दुसऱ्यातून तिसरा. माझी वकिली लागली ती त्या दिवशी, हे मी आजही नाकारत नाही.

त्यानंतरची सहा वर्षं मी काय ऐट केली. वकीलखोलीत कोणाच्या घरी काही टांगायचं निघालं की माझं व्याख्यान व्हायचं: कुडाला आरपार लागत नाही, फळी लागत नाही, खिळा घडवलेला हवा आणि मारणारा शिकलेला हवा. सुतार रस्त्यात दिसला की मी मुद्दाम थांबवून सांगायचो, एवढी वर्षं झाली, तुझ्या फळीवाचून चाललं आहे. तो म्हातारा मान डोलवायचा आणि "चांगलं हाये साहेब" म्हणायचा. ते मी शरणागती म्हणून घ्यायचो.

शेजारणीबद्दलही मला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. एकदा दसऱ्याला तिचा नवरा आपल्या भावाला घेऊन आला. मागच्या पडवीत जेवणं मांडली होती. नवरा पाटावर बसला आणि पाहुण्याला बसायला दिलं घडी घातलेलं पोतं. हे मी खिडकीतून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वकीलखोलीत रंगवून सांगितलं: शेत नजर पोहोचणार नाही एवढं, आणि पाहुण्याखाली पोतं. सगळे हसले. त्याची नंतर पुष्कळदा फर्माईश व्हायची.

सहा वर्षांनी कँपाकडे पक्क्या विटांचं घर मिळालं. सामान बांधायला काढलं. पुस्तकं उतरवली, आणि मला त्या खिळ्यांचा मोह सुटेना. नव्या घरात तेच मारायचे, असं मी ठरवलं होतं. पकड लावून ओढलं, हलेना. हातोडीच्या मागच्या टोकाने उचकटलं, पाय कुडाला लावून ओढलं, तर खिळ्याऐवजी अख्खा कूड पुढे येऊ लागला. बायकोला म्हटलं, सुताराला निरोप दे. ती ट्रंक भरत होती. मान वर न करता म्हणाली की सुतार नको, पलीकडे जाऊन एकदा बघून या.

सहा वर्षांत मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. बाई दारातच तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदर सावरून मला आत येऊ दिलं.

कुडाच्या त्या अंगाला एक पाट उभा लावलेला होता. जाड सागवानी, कोपऱ्यांत पितळी फुल्या ठोकलेला, लग्नात मुलीबरोबर जोडीने देतात त्यातला एक. त्याला चार भोकं पाडून माझे चारही खिळे त्यातून बाहेर घेतले होते आणि टोकं पाटावर सपाट वाकवून बसवली होती. फक्त खालची दोन अर्धवट वाकवून आकड्यासारखी ठेवली होती, आणि त्यांना पोरांची दप्तरं अडकवलेली होती. दप्तरांच्या खाली, कुडाला लागून, पोरांची अंथरुणं गुंडाळून ठेवली होती.

म्हाताऱ्या सुताराचं काम मी लगेच ओळखलं. मी कोर्टात असताना, दुसऱ्याच दिवशी दुपारी तो येऊन गेला होता. माझ्या बायकोने सहा खंड उतरवून आमच्या बाजूने मांडणी दाबून धरली होती आणि पुन्हा खंड होते तसे लावून ठेवले होते. हे तिने मला नंतर सांगितलं, विचारलं तेव्हा, दोन वाक्यांत.

मी बाईला विचारलं की मला तेव्हाच का नाही सांगितलं. माझा आवाज कोर्टातलाच निघाला. दुसरा आवाज मला येत नव्हता.

"लेकरं तिथंच झोपत होते, वकीलसाहेब," ती म्हणाली. "खिळे काढा म्हनलं असतं त तुमी कलम सांगतलं असतं. मंग मीच पाट लावला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी पाटाकडे पाहत उभा राहिलो आणि मला पोत्यावर बसलेला तो पाहुणा आठवला, आणि वकीलखोलीतलं ते हसणं. आयुष्यात मी पुष्कळ माणसांना तुच्छ मानलं, त्यातले बरेच तेवढ्या लायकीचे होते. त्या दिवशी त्या यादीत माझं एक नाव वाढलं आणि बाईचं, तिच्या नवऱ्याचं व सुताराचं अशी तीन खोडावी लागली.

खिळे काढून पाट तुम्हाला परत करतो, असं मी म्हणालो. बाई म्हणाली, राहू द्या, पोरांची दप्तरं कुठे अडकवू. आणि पुन्हा सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडू लागली.

खिळे मी तिथेच सोडले. नव्या घरी विटांच्या भिंतीत त्याच सुताराने मांडणी लावली, आणि तो लावत असताना मी खालून फळी धरून उभा राहिलो.