रुखमाची लुगडी

रुखमा गेली ती धानाच्या रोवणीच्या दिवसांत, चार दिवसांच्या तापाने. तेरावं झाल्यावर तिची नऊ सुती लुगडी घेऊन मनकर्णा सावली गावच्या गोधडी केंद्रात आली. रुखमा तिची थोरली सवत. दोघींनी बावीस वर्षं एका चुलीवर रांधलं. नवरा लटारू म्हणाला होता, "तिच्या लुगड्यांची गोधडी करून आन." मनकर्णा बरं म्हणाली.

केंद्रात मनकर्णाचं काम कापड तयार करण्याचं. कापायचं यंत्र डिंपल चालवायची. साच्यातल्या पात्यांवर कापडाचे सहा थर ठेवून रुळातून काढले की एका दमात सहा चौकोन. पण कापड धुतलेलं, पेजेची खळ दिलेलं, कडक इस्त्रीचं हवं, आणि धागा सरळ हवा. चार वर्षांत मनकर्णाचा एक थर कधी हलला नव्हता.

तिने लुगडी धुतली, खळ दिली, वाळवली. इस्त्री फिरवताना हे लुगडं कोणत्या लग्नातलं, ते कुठल्या बाजारातलं, सगळं तिला आठवत होतं. बाजारभाव आठवावा तसं. काठ फाडून वेगळे केले, पहिल्या लुगड्याचे थर लावले, डिंपलकडे दिले.

डिंपलने रुळातून काढले. चौकोन हातात घेताच ते तिरपे झाले. एक कोपरा लांब, एक आखूड.

"काकू, हे पाहा. तुमच्या हातचं असं?"

मनकर्णाने पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

"ते रुखमाबाईचं पिळणं हाय," ती म्हणाली. "खांबाले अडकवून पिळे. धागा वाकडा होते, किती सांगितलं. बावीस वर्सं भांडलो आम्ही त्याच्यावरून."

"मंग आता?"

"ताणा लागते. कोनाकोनी."

"घरी कोण ताणे?"

"तेच. एक टोक ती धरे, एक मी. भांडन झालं असलं तरी धरे. बोले नाई, पन धरे."

डिंपलने विचारलं, "काकू, तुम्ही रडल्या नाई म्हनतात लोकं. काऊन?"

"येत नाई," मनकर्णा म्हणाली. "सगळ्या बाया रडून राहिल्या होत्या. मी आंधन ठेवलं. पाहुने होते ना."

डिंपल यंत्रामागून उठली आणि उरलेल्या आठांतल्या एका लुगड्याचं टोक तिने धरलं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"नीट धर. अंगठा आत. आता मांगं सर."

कापड करकरलं. मनकर्णा टोक बदलायला सांगत गेली, डिंपल बदलत गेली. आठही लुगडी सरळ व्हायला दुपार झाली. मनकर्णाचे खांदे भरून आले. पुन्हा पाणी मारलं, पुन्हा इस्त्री. या वेळी चौकोन चोख निघाले. पहिल्या लुगड्याचे तिरपे तुकडे वाया गेले, म्हणून गोधडी एका ओळीने आखूड झाली.

आठवड्याने ती तयार झाली. लटारूने अंगणातल्या खाटेवर पसरली, हात फिरवला.

"आखूड काऊन?"

"माह्यानं एक लुगडं बिघडलं," मनकर्णा म्हणाली.

तो ती पांघरून आडवा झाला. पायांशी गोधडी पुरत नव्हती, त्याने पाय जवळ घेतले. मनकर्णा तांदूळ निवडायला आत गेली.