टाकीवरून केलेलं शूटिंग

भूतबाधा, चकवा असलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानतो असं नाही... पण हे माझ्याच कॅमेऱ्यात घडलं, म्हणून लिहितोय.

नव्वदच्या दशकाचा शेवट. परतूरच्या बाजूला आमचं बाजारपेठेचं गाव — नाव मुद्दाम देत नाही. मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. गावात तणाव होता, मोर्चा निघणार होता. पोलिसांनी मला पाण्याच्या टाकीवर चढवलं आणि वरून सगळ्यांचे चेहरे टिपायला सांगितलं. सोबतीला टाकीवर पाणी सोडायला असणारे शेषरावमामा होते.

वरून नुसता रस्ता नाही, घरांची मागची अंगणं, उघड्या न्हाण्याही दिसायच्या. कॅमेरा तिकडं वळला की मामा म्हणायचे, "तिकडं नको रे, बायामाणसं हायत."

मोर्चात दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात टेप लावली. साहेब एकेक चेहरा थांबवून नावं विचारत होते. अंगणातल्या बायकांवरही टेप थांबत होती, मी मान खाली घालून बसलो. पुन्हा वर पाहिलं, तर... गर्दीत, हातात दगड घेऊन, मामा उभे! गालावरचा भाजल्याचा डागसुद्धा तोच. थेट कॅमेऱ्याकडं बघत होते.

मी सांगितलं, मामा सगळा वेळ माझ्यापाशी होते. टेप मागं घ्यायला लावली, आवाज वाढवायला लावला. चित्रात मामा खाली — आणि आवाज अगदी माइकजवळ, "तिकडं नको रे, बायामाणसं हायत."

साहेब म्हणाले, "आवाज कुणाचाही असेल. चेहरा याचाच आहे ना?"

दुपारी मामांना घरातून उचललं. सुटून आले तेव्हा त्यांना भिंत धरून चालावं लागत होतं. मी भेटायला गेलो, तर मामी न्हाणीवर पोती बांधत होत्या. सगळ्या गल्लीनंच बांधली होती.

 मामा हळूच म्हणाले, "तू टेप पाह्यली. खरं सांग, खाली मीच होतो का?"

मी म्हणालो, "न्हाई."

"मंग कोण होतं?"

ती टेप परत मिळाली नाही. मामाही आता राहिले नाहीत.