बाकीचा मासा

जगात कुठेही माशाचं डोकं वाया गेलं, तर माझ्या खालूंची झोप उडत असावी. खालू म्हणजे माझ्या खालाचे, आईच्या बहिणीचे, यजमान. मूळचे रत्नागिरीजवळच्या एका बंदरावरचे, पण माझ्या आठवणीतले खालू सौदीतल्या कतीफचे. तिथल्या एका मासळीच्या कंपनीत ते माल पारखायचे आणि माझे अब्बा गाडी चालवायचे. बाजारात लोक हामूर मासा साफ करून घेत आणि डोकी, काटे तिथेच सोडून जात. खालू ती मागून घेत, गाडीत पिशवी मांडीवर धरून एसीचा झोत तिच्याकडे वळवत, आणि आम्ही मागच्या सीटवर घामाघूम. दावतीत कुणी बिनकाट्याचे तुकडे वाढले, की ते ताटाकडे बघत नम्रपणे विचारत, "बाकीचा मासा कुठाय?" वाढणाऱ्यांना वाटे, कमी पडलं. ते आणखी तुकडे वाढत. खाला टेबलाखालून त्यांचा पाय दाबायची.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तेही रत्नागिरीला. त्यामुळे सुट्टीत कतीफला आले, की मी काय वाचलं ते सगळ्यांना ऐकावं लागे. एकदा जेवताना मी सांगितलं, शार्कच्या सूपासाठी नुसते पर कापतात आणि उरलेला मासा जिवंतपणीच समुद्रात टाकून देतात. खालूंचा घास थांबला. "अख्खा?" त्यांनी विचारलं. मग मी भीत भीत म्हटलं, की आपण खातो ती मोरीही शार्कच, आणि तीही कमी होत चाललीय, म्हणून तीही खाऊ नये बहुतेक. मोरीचं कालवण हा खालूंचा जीव की प्राण. "बाय, आपण तर शेपटीपर्यंत खातो. मग काय बिघडलं?"

त्याच महिन्यात खालूंचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत होता, आणि तो वाढवणं कफीलच्या, म्हणजे कंपनीच्या मालकाच्या, हातात होतं. तेवढ्यात कफीलचा एक मोठा परदेशी ग्राहक आला. त्याने दम्मामच्या हॉटेलात सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि मानाचा पदार्थ म्हणून नेमकं तेच सूप आणवलं. अब्बा टेबलाच्या टोकाला खालूंच्या शेजारी होते, पुढचं त्यांनीच सांगितलं. खालूंनी वाटीत चमचा फिरवला आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न मोडक्या इंग्रजीत विचारला. तो परदेशी हसला. बाकीचा मासा कोण आणतो, म्हणाला, बोटीत जागा कुठे असते. खालूंनी वाटी बाजूला सरकवली.

अब्बा कुजबुजले, "भाय, आमच्या धर्मात चालत नाही म्हणा ना. कोण विचारतंय?"

"चालतं की. आपण शाफई पंथाचे, आपल्याला समुद्रातलं सगळं चालतं. अल्लाच्या नावावर खोटं कशाला?"

मग ते कफीलला अरबीत म्हणाले, "हलाल आहे, पण अर्धवट आहे. माझ्या घशाखाली जाणार नाही."

इकामा काही वाढला नाही. "खलास," एवढंच खालू घरी येऊन म्हणाले, आणि डोक्याचं कालवण उरलंय का ते त्यांनी खालाला विचारलं.

आता ते गावी असतात. तिथे त्यांच्या विक्षिप्तपणाचं कुणाला काही वाटत नाही, कारण डोकी सगळेच खातात. रविवारी मी हॉस्टेलवरून त्यांच्याकडे जाते. गेल्या खेपेला खाला मोरीसाठी वाटण करून बसली होती आणि खालू बंदरावरून रिकामी पिशवी घेऊन आले.

"मिळाली नाय?"

"होती."

"मग?"

"सगळी पिल्लं होती."

खालाने वाटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू हे सगळं माझंच काम. शेवटी त्या वाटणात बटाटे पडले. ते सूप प्यायले असते तर खालू अजून कतीफला असते का, हे मला विचारायचं होतं. पण ते रस्सा भाकरीवर घेत इतके शांत जेवत होते, की मी भाकरीचा तुकडा मोडला. खालालाच राहवलं नाही. वाढता वाढता ती म्हणाली, "आणि आज मासा कुठाय, ते नाही विचारलंत?"

"समुद्रात," खालू म्हणाले. "अख्खा."

आणि त्यांनी आणखी एक बटाटा घेतला.