एसाव की यहूदा

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका इस्राएलातल्या लोदच्या विमानतळावर सामान चढवायचे आणि शनिवारी संध्याकाळी शब्बाथची सुटी संपली की हिंदी पिक्चरला जायचे. पात्र पडद्यावर आलं की लगेच आमच्या तोरातल्या, म्हणजे धर्मग्रंथातल्या, माणसाचं नाव देऊन मोठ्याने निकाल देत, "हा एसाव, पोटापुढे सगळं विकणार. ही लेआ, हिच्याकडे कोणी बघायचं नाही."

मी घरातली पहिली बी.ए. कॉलेजात शिकलेले स्वभावाचे प्रकार त्यांना समजावले, तर म्हणाले, "असतील बाई. पण तुझ्या प्रकारांना आईबाप नाहीत, एसावला आहेत."

बाबांचा मात्र त्यांच्या पारखीवर भारी भरवसा. म्हणून माझं ज्याच्याशी जमलं होतं, त्या मोरोक्कोच्या मुलाला त्यांनी काकांबरोबर पिक्चरला धाडलं. मीही गेले. त्याला हिंदी कळेना, तेव्हा काका मोडक्यातोडक्या हिब्रूत सांगू लागले, "तो धाकटा भाऊ एसाव."

मध्यंतरात हा म्हणतो, "नाही काका, तो यहूदा. भावाला विकलंय, पण पस्तावून परत येईल."

काकांना उलट बोललेलं खपत नसे. शेवटी धाकटा रडत आईच्या पाया पडला, तसे काका उठून बाहेर चालू लागले.

बाबा दारातच उभे होते. "मग? कोण निघाला?"

"ते मला सांगता यायचं नाही," काका जिना चढत म्हणाले. "भांडखोर आहे. पण चुकलेला माणूस परत येतो, असं त्याला वाटतं. तुमच्या मुलीला असाच लागेल. साखरपुड्याची प्रार्थना ठरवा, मलिद्याच्या गोड प्रसादाला पोहे भिजत घाला."

बी.ए. असूनही मी तशीच पोहे भिजवायला आत पळाले.