साडूभाऊंची विकाऊ बोट

आमच्या साडूभाऊंनी बोट विकायला काढली होती, आणि ती विकली जाऊ नये म्हणून ते जिवापाड मेहनत घेत होते. ही दोन्ही कामं एकाच वेळी करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

ते जन्मभर शहरातल्या बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर शेजाऱ्यांच्या भांडणात नाक खुपसतात. साडूभाऊंनी फंडाच्या पैशांतून एक जुनी शिडाची बोट घेतली. समुद्राचं वेड वगैरे काही नव्हतं. धक्क्यावर फिरायला गेले होते, तिथे त्यांना ती दिसली. खरं म्हणजे तिची पुढची काच दिसली. साध्या शिडाच्या बोटीत सुकाणू धरणारा मागे उघड्यावर बसतो आणि ऊन, वारा, पाणी सगळं अंगावर घेतो. या बोटीला मधोमध चारी बाजूंनी काचांची खोली होती. तिला पायलटहाउस म्हणतात. आत चाक, खुर्ची आणि चक्क वायपर. मागे उघड्यावरही एक चाक होतं, पण त्याला साडूभाऊंनी कधी हात लावला नाही. "उघड्यावर बसून गाडी हाकायला मी काय टांगेवाला आहे?" असं ते म्हणत. त्या खोलीला ते ड्रायव्हर-केबिन म्हणत, बोटीला गाडी, आणि शिडांना "ते वरचं कापड".

वरच्या कापडाचे दोर ओढायचं काम माझ्याकडे आलं. माझं चष्म्याचं दुकान आहे, दोरांशी माझा संबंध पुडक्यांपुरता. पण साडू म्हणजे फुकटचा मजूर, हे नातं जोडणाऱ्यांनीच ठरवून ठेवलं असावं.

मूळ खुर्ची त्यांनी काढून टाकली आणि भंगारातून जुन्या बसची खुर्ची आणून बसवली. डोक्यावर बसचा लांबट आरसा लावला, मागच्या समोरासमोरच्या दोन बाकांवरचे प्रवासी दिसायला हवेत म्हणून. प्रवासी म्हणजे मी आणि ताई. ताई माझ्या बायकोची मोठी बहीण, साडूभाऊंची बायको. बाकावर तिच्या डोक्यावरून एक दोरी जायची आणि तिच्या टोकाला पितळेची घंटी होती. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम त्यांनी समुद्रावरही पाळला. एकदा मी धक्क्याचे दोर सोडले, आणि ताई शाल शोधायला खालच्या खोलीत गेली होती. बोट आपसूक वाहत निघाली. इंजिन चालू, चाक हातात, आणि साडूभाऊ शांत बसलेले. मी ओरडतोय, "अहो, पुढे घ्या!" तर म्हणाले, "बेल कुठे झाली?" शेजारच्या बोटीला आमची बोट जाऊन लागली, मग ताईने येऊन बेल दिली. शेजाऱ्याची समजूत घालायला मलाच पाठवलं.

मग त्यांचे डोळे गेले. सगळे नाहीत, मधले.

ते मला माझ्याच दुकानात कळलं. चष्म्याचा नंबर तपासायला म्हणून आले, खुर्चीत बसले आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचून दाखवला. मी खूश झालो. मग सहज म्हणून दुसरा तक्ता लावला, तर तोही त्यांनी घडाघडा वाचला; पण अक्षरं पहिल्याच तक्त्यावरची. इतकी वर्षं माझ्या दुकानात गप्पा मारत बसून तो तक्ता त्यांचा तोंडपाठ झाला होता. मी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग गेलाय, तो परत येणार नाही, कडा शाबूत राहतील. म्हणजे ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही, आजूबाजूचं दिसतं. तेव्हापासून साडूभाऊंना कुणाचा चेहरा बघायचा असला की ते मान वळवून भलतीकडे बघत. अनोळखी माणसाला तो अपमान वाटे. घरातल्यांना सवय झाली.

त्यांची मुलगी कोर्टात टायपिस्ट आहे आणि घरी आल्यावरही निकालच देते. तिने निकाल दिला: बोट विकायची. विकेपर्यंत ती धक्क्याला बांधलेली राहील. गिऱ्हाईक आलं तरच समुद्रात न्यायची, तीही चाक गिऱ्हाइकाच्या हातात देऊन. साडूभाऊंनी मुकाट्याने मान डोलावली. एवढ्या मुकाट्याने त्यांनी आयुष्यात काही ऐकलेलं नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

गिऱ्हाईक आल्याशिवाय समुद्र नाही म्हटल्यावर त्यांनी गिऱ्हाइकांचा सपाटा लावला. जाहिरात अशी झकास लिहून घेतली की वाचून मलाच बोट घ्यावीशी वाटली. माणसं येत. धक्का सोडेपर्यंत साडूभाऊंच्या तोंडून कौतुक नुसतं ओसंडत असे. समुद्रात गेल्यावर थोडा वेळ चाक गिऱ्हाइकाकडे, आणि मग, "एक मिनिट हं, इथे पाण्याला जरा ओढ आहे," असं म्हणून ते खुर्चीत बसत, ते परत येईपर्यंत. ताई त्यांच्या खांद्याशी उभी राहून हलक्या आवाजात बोलत राही. "जरा उजवीकडे घ्या. तो तरंगता बोया डाव्या हाताला आहे. आता समोर काही नाही." गिऱ्हाइकांना वाटे, काय प्रेमळ जोडपं आहे! प्रेमळ होतंच, पण ती बाई डोळ्यांत तेल घालून बघत होती, म्हणून आम्ही सगळे कोरडे परत येत होतो.

धक्क्याला लागलं की रडगाणं सुरू. काच गळते, इंजिन धूर ओकतं, संडासाचा पंप मनात येईल तेव्हा चालतो, डोलकाठी किरकिरते. एका मास्तरांनी यादी अर्ध्यात असतानाच नमस्कार करून काढता पाय घेतला. दोघे भाऊ मिळून आले होते, ते एकमेकांशीच भांडून गेले. "लोकांना पारख नाही," साडूभाऊ हळहळत म्हणायचे, आणि पुढचे काही दिवस एकदम खुशीत असायचे. घरात सगळ्यांना सगळं कळत होतं. मुलगीही कानाडोळा करत होती, कारण चाक गिऱ्हाइकाच्या हातात असतं असंच तिला वाटत होतं.

उन्हाळ्याच्या अखेरीस एका कापडवाल्याला फिरवून आणत होतो. बंदराच्या तोंडाशी एक छोटी वल्ह्यांची होडी अचानक समोर आली. ताईने ती पाहिली. मीही पाहिली, आणि ताईकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज फुटत नव्हता. मी बोंब मारली. साडूभाऊंनी चाक गरकन फिरवलं आणि होडी काचेला घासल्यासारखी बाजूने गेली. होडीवाल्याने आमच्या सात पिढ्या काढल्या. "ब्रेक नसतात ना हिला," साडूभाऊ हसत म्हणाले. कापडवाला हसला नाही. ताई बाकावर जाऊन बसली. दोन्ही हात तिने शालीत घट्ट गुंडाळून घेतले.

त्यानंतर मला वाटलं, आता हे प्रकरण संपलं. पण पुढच्याच आठवड्यात साडूभाऊंचा फोन. "साडू, उद्या या. गिऱ्हाईक आहे."

गिऱ्हाईक म्हणजे एक बेकरीवाली बाई. पन्नाशीची, मनगटं पैलवानासारखी, बोलणं मोजकं. तिने इंजिनाचं झाकण काढून आत हात घातला, संडासाचा पंप स्वतः चालवून पाहिला, गादी उचलून खालचं लाकूड नखाने टोकरलं. मग म्हणाली, "समुद्रात नीट चालली तर मी घेते. बाहेर चाक धरून माझा खांदा धरतो, मला आतूनच चालवायची आहे." साडूभाऊंचा चेहरा पडला. कौतुक करायचंही ते विसरले.

इंजिन सुरू झालं. ते आपल्या खुर्चीत बसले. बंदरातून मीच बाहेर काढतो म्हणाले, वळणं अवघड आहेत. मी दोर सोडायला पुढे निघालो, तर ताई म्हणाली, "भावोजी, थांबा जरा."

साडूभाऊ चाकावर हात ठेवून बेलची वाट बघत होते. ताईचा हात दोरीवर होता. बेल झाली नाही.

"अगं, बेल दे."

"नाही देणार."

"झालं काय?"

"अहो, मला भीती वाटते," ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता. "दर वेळेला वाटते. मला पोहता येत नाही. तुमच्यासाठी बघायचा कंटाळा नाही आला मला, जन्मभर बघेन. पण त्या दिवशी मला बोलताच आलं नाही. तो होडीवाला मेला असता. तुम्ही या खुर्चीत बसलात तर मी बेल देणार नाही."

बेकरीवाली बाई नको तिथे आल्यासारखी खाली बघू लागली. मीही हातातला दोर उगाच गुंडाळत बसलो. साडूभाऊ आरशात बघत होते, पण आरशात बघून त्यांना काय दिसणार होतं! इंजिन नुसतं धडधडत राहिलं. एकदा त्यांचा हात गिअरवर गेला. मला वाटलं, आता टाकतातच. पण बेल झाली नव्हती, आणि बिनबेलची गाडी त्यांनी कधी हलवली नव्हती.

ते उठले. वाकून खुर्चीखालचा खटका चाचपला आणि बेकरीवाल्या बाईला म्हणाले, "बसा. ही खाली-वर होते, उंचीप्रमाणे लावून घ्या. उजवी काच पावसात गळते, ती मी बसवून देतो. बाकी गाडी चांगली आहे."

एवढंच. धुराबद्दल नाही, डोलकाठीबद्दल नाही. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं.

ते मागे येऊन प्रवाशांच्या बाकावर बसले, ताईच्या समोर, पहिल्यांदाच. मी दोर सोडले. ताईने डबल बेल दिली आणि बाईने बोट अलगद धक्क्यापासून काढली. तिचा हात चांगला होता, हे साडूभाऊंनाही कळलं असणार.

बंदर मागे पडलं. ताई डोळे पुसत होती. साडूभाऊ मान पूर्ण वळवून बाजूच्या काचेकडे तोंड करून बसले होते, जराही हलत नव्हते. बेकरीवाल्या बाईने वरच्या आरशात ते पाहिलं आणि मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "फारच रागावलेत का हो बायकोवर?"

"नाही हो," मी म्हटलं. "तिच्याकडे बघतायत."