स्मरणपत्र क्रमांक चार

विषय : एका वृद्ध बाईस एक दिवस तिच्या गावी जाऊ देण्याबाबत.
संदर्भ : तिच्या वकील मुलाचे वेळोवेळचे अर्ज, व त्यात आमच्या कार्यालयाने न विचारता केलेली मदत.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी नाशिकच्या एका लॉ कॉलेजात क्लार्क होतो; आता निवृत्त आहे. ऑफिसात कागद साचतात तसे किस्सेही साचतात. कागद निदान रद्दीत घालता येतात. किस्से मात्र शाल-नारळाबरोबर घरी येतात!

त्यातले बरेचसे नबीलचे. नबील पॅलेस्टिनी. नव्वदच्या दशकात आमच्याकडे वकिली शिकला, परत गेला, तिथे मानवी हक्कांचे खटले लढू लागला, पुस्तक लिहिलं. जगाची कामं करायचा. आईनं मात्र त्याला एकच काम सांगितलं होतं, आणि तेच होत नव्हतं. ते काम वर विषयात आलंच आहे.

*

तो अॅडमिशनला आला तेव्हा काउंटरवर आमचे हेडक्लार्क देवरे भाऊसाहेब होते. देवरे नामपूरचे. माणूस समोर आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"गाव कोणतं?"

"रामल्ला."

"ते राहायचं झालं. गाव?"

नबील मोडक्या हिंदीत म्हणाला, "गाव होतं. अठ्ठेचाळीस साली आईला, सगळ्यांनाच तिथून काढलं. घरं पाडली. परत जाऊ देत नाहीत."

देवऱ्यांनी चष्मा काढला. "धरणात गेलं का?"

"नाही. झाडं लावली त्याच्यावर."

"म्हणजे वनखात्यानं घेतलं! मग प्रकल्पग्रस्ताचा दाखला आण, सवलत बसवतो."

"दाखला कोण देतं?"

"तलाठी. गावाचं सगळं रेकॉर्ड त्याच्याकडे असतं."

नबील उठून उभाच राहिला. "हा माणूस कुठे भेटेल?"

*

एका वर्षी शहरात संचारबंदी लागली. नबील माझ्याच गल्लीत खोली घेऊन राहायचा. सूट दिलेल्या वेळात आम्ही दोघे दूध आणायला बाहेर पडलो आणि परतताना वेळ संपली. कोपऱ्यावर हवालदार.

"ए, थांब! नाव काय?"

नबीलनं नाव सांगितलं. ते ऐकून हवालदाराची काठी वर आली. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

नबीलनं शांतपणे दोन्ही हात दिसतील असे धरले, मग खिशातून एकेक कागद काढून दिला. पासपोर्ट, राहण्याचा परवाना, कॉलेजचं ओळखपत्र, खोलीमालकाचं पत्र, सगळ्यांच्या साक्षांकित प्रती. हवालदार वाचून वाचून दमला. काठी खाली आली.

मग तो माझ्याकडे वळला. "आणि तुमचे कागद?"

माझ्याकडे दुधाची पिशवी होती. जन्म नाशिकात गेला, कागद कशाला लागतील?

नबील म्हणाला, "हे माझ्याबरोबर आहेत."

*

परत गेल्यावर त्याची पत्रं येत. इंग्रजीत असत, फक्त 'भाऊसाहेब' तेवढं देवनागरीत. एकदा त्यानं लिहिलं, लष्करी कोर्टात एका पोराची केस चालवतोय. त्याला आरोपाशिवाय डांबलंय. मुदत संपत आली की वाढवतात.

पुढे त्याचेच शब्द : मी न्यायाधीशांना विचारलं, आरोप काय? म्हणाले, गुप्त आहे. फाइल? तीही गुप्त. मग बचाव कशाचा करू? म्हणाले, ते वकिलानं ठरवायचं!

देवऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"आपल्याकडे फाइल हरवते म्हणून दाखवत नाहीत. तिकडे न हरवताच दाखवत नाहीत. सिस्टिम लय पुढे शे रे भाऊ!"

बोलले खरे, पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

*

त्याचं पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीत आलं. घरातून कोर्टात जाताना लागणारी लष्कराची नाकी, तिथल्या रांगा, न पोचलेले साक्षीदार, असं सगळं त्यात होतं. आमच्या ग्रंथपालांनी पहिली दोन पानं चाळली, गाडी, रस्ता, सामान एवढं पाहिलं आणि पुस्तक प्रवासवर्णनांत लावून टाकलं. शेजारी हिमालय, पलीकडे युरोप!

मी शरमून नबीलला कळवलं. उत्तर आलं, "राहू द्या. प्रवासच आहे. पोचणं तेवढं नाही."

*

गावी जाण्याच्या परवान्यासाठी आईचा अर्ज दर वर्षी जायचा. दर वर्षी उत्तर यायचं : कारण अपुरे. किंवा उत्तरच यायचं नाही. आई थकत चालली होती. दिवाळीला त्याचा फोन आला तेव्हा म्हणाला, "आई म्हणते, लोकांची पोरं सोडवतोस, मला एक दिवस गावाला नेता येत नाही. कसला वकील तू?"

देवरे फराळाला माझ्या घरीच आले होते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"स्मरणपत्र पाठवलं का?"

"नाही. नवीन अर्ज केला."

"तिथेच चुकलास. स्मरणपत्र पाठव. आणि पहिलं पाठवू नको, एकदम क्रमांक चार पाठव. तिकडचा क्लार्क आधीची तीन शोधतो, सापडत नाहीत, मग घाबरतो. घाबरला की फाइल हलते."

"पण भाऊसाहेब, हे खोटं होईल."

"मनातल्या मनात किती वेळा पाठवलंस?"

"शेकडो वेळा."

"मग चार म्हणजे कमीच सांगतोयस!"

नबीलनं पाठवलं. उत्तर महिन्याच्या आत आलं : आपली स्मरणपत्रे क्रमांक एक ते तीन काळजीपूर्वक विचारात घेण्यात आली असून, अर्जदारास सुनावणीसाठी बोलावण्यात येत आहे.

*

सुनावणीचं त्यानं ई-मेलनं कळवलं.

टेबलामागे अधिकारी, शेजारी दुभाषी. इकडे आई आणि नबील. अधिकाऱ्यानं नकाशा उलगडला, बोट फिरवलं.

"या नावाचं गाव अस्तित्वात नाही."

नबील म्हणाला, "मान्य. मग तिथे जायला बंदी कशाची?"

याचं भाषांतर करावं की नाही, यात दुभाष्याचा थोडा वेळ गेला. केलं. अधिकाऱ्यानं आईला विचारलं, "तिथे फक्त झाडं आहेत. जाऊन काय करणार?"

आई म्हणाली, "सावलीला बसेन. संध्याकाळी परत येईन."

अधिकाऱ्यानं नकाशाची घडी घातली. ती पहिल्यासारखी बसेना. आईनं हात पुढे करून घालून दिली. निर्णय आपल्या अधिकारात नाही, प्रकरण वरिष्ठांकडे पाठवतो, असं तो म्हणाला. तसं त्यानं पाठवलंही.

त्यानंतर आईचं चालणं बंद झालं. अर्जात चाकाच्या खुर्चीचा उल्लेख वाढवण्यात आला आहे. अर्ज प्रलंबित आहे.