जोहडाकाठची गंगा

नव्वदच्या दशकात आम्ही दिल्लीतल्या द्वारकेला फ्लॅट बुक केला तेव्हा तिथे मोहरीची शेतं, खुणेचे खांब आणि धूळ एवढंच होतं. नवरा गुडगावच्या एका नव्या कंपनीत लागला होता. मयूर विहारच्या भाड्याच्या घरून जाऊन-येऊन तो मेटाकुटीला यायचा. मी पुण्यात पुरातत्त्व शिकून आले होते आणि दिल्लीत घरी बसून होते. रविवारी बांधकाम बघायला गेलो की मला तिथे थांबवत नसे; मी पलीकडच्या गावाकडे चालू लागायचे.

एकदा गावच्या जोहडाच्या, म्हणजे तळ्याच्या काठाशी एक दगड दिसला. अर्धा मातीत रुतलेला, वर शेंदूर आणि तेल. कडेची माती बाजूला केली तर मकराचं तोंड दिसलं. मकरावर उभी असलेली ती गंगा. जुन्या देवळांच्या दारचौकटीच्या पायथ्याशी असते ती. हजारेक वर्षांपूर्वी इथे देऊळ असणार. आमच्या सोसायटीचा रस्ता नकाशात नेमका तिथूनच जात होता.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. फोडणी करता करता मध्येच वाटायचं, आत्ता तिथे बुलडोझर आला असेल. आठवड्याच्या मधल्या वारीही बस धरून जायला लागले. टेप, ग्राफपेपर आणि कॅमेरा घेऊन. दगडाची पूजा करणाऱ्या वयस्क बाईंना गावात ताई म्हणत. तिकडे ताई म्हणजे थोरली काकू.

"खुरचेगी तो नहीं?" त्यांनी विचारलं.

"नहीं ताई, बस पोंछूँगी."

मग त्यांनीच कोमट पाणी आणलं. शेंदूर सुटत गेला तसा हातातला घट दिसला, मागे छत्री धरलेली दासी दिसली. मी मापं घेतली, फोटो काढले, चित्र काढलं. सरकारी कार्यालयातही जाऊन आले. साहेब म्हणाले, बघू. मी ताईंना म्हटलं, संग्रहालयात नेऊ या.

"माँ को ले जाएगी? फिर छोरियाँ ब्याह में किसके पैर पड़ेंगी?"

संग्रहालयाचा विषय मी तिथेच सोडला.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी रस्ता थोडा वळवा म्हणून उभी राहिले. घरी येताना नवरा म्हणाला, "यार, काम अडलं तर पझेशन अजून लांबेल. फ्लॅट आपलाच आहे तो."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. रस्ता काही वळला नाही. मग मी ताईंना जाऊन स्पष्ट सांगितलं की मशीन येणार आहे.

पुढच्या वेळी गेले तर काठावर नुसता खड्डा. धावतच गावात शिरले. ताई चौपालपाशी, म्हणजे गावच्या चावडीपाशी बसल्या होत्या. पुरुषांनी ट्रॅक्टरवर घालून दगड तिथे आणला होता, भिंतीत बसवला होता. भोवती पांढऱ्या टाइल्स. गंगेला नखशिखांत चंदेरी ऑइलपेंट, त्यावर काळेभोर डोळे. आणि मकर सिमेंटखाली पुरता गाडलेला.

"ताई, ये क्या किया?"

"पास के गाँव की मूरत चोर ले गए थे," त्या शांतपणे म्हणाल्या. "ऐसी रंगी हुई को कौन ले जाएगा?"

हसावं की रडावं कळेना. वाकून सिमेंट दाबून पाहिलं, तर अजून ओलं होतं. "माँ की सवारी दब गई है," मी म्हटलं. ताईंनी पुतण्याला हाक मारली. त्याच्याकडची थापी घेऊन मी स्वतःच सिमेंट काढायला बसले. मकर नाकापासून शेपटीपर्यंत मोकळा झाला तेव्हा ताईंनी ब्रश बुडवला आणि त्यालाही दोन डोळे काढले. मी थांबवलं नाही.

पुढे आम्ही द्वारकेला राहायला आलो. दर दिवाळीला त्या दगडावर रंगाचा नवा हात चढतो. घट आता जेमतेम ओळखू येतो, दासीचं नाक बुजलं आहे. बायका मात्र नवरी घेऊन येतातच. मी अधूनमधून जाऊन बघून येते, आणि परतताना अजूनही मला चैन पडत नाही.